रुग्णाचे वकीलपत्र



कोर्टाची पायरी चढायची तर वकील लागतो, हे आपल्या वसईतल्या बागायतदाराला ठाऊक आहे आणि वालीवच्या गाळ्यात राबणाऱ्या कामगारालाही ठाऊक आहे. जमिनीचा तंटा असो की पगाराचा, आपण वकील शोधतो, त्याची सनद पाहतो आणि त्याला वकीलपत्र लिहून देतो. त्या कागदावर सही आपली असते. वकील कितीही मोठा असला तरी त्या सहीवाचून त्याला आपल्या वतीने बोलता येत नाही.

रुग्णालयाची पायरी चढताना मात्र असे कोणी आपल्याबरोबर नसते. तेथली भाषा आपली नाही, कागद आपल्याला वाचता येत नाहीत, कोणती सवलत कायद्याने मिळते आणि कोणती कृपेने मिळते याचा पत्ता नसतो. दुखणे आपले, आणि त्या दुखण्याविषयी बोलणारे सर्व दुसरे. ही उणीव भरून काढण्यासाठी शिक्षण घेतलेली माणसे असावीत, त्यांचा एक स्वतंत्र व्यवसाय असावा, हा विचार आपल्या मुंबई इलाख्यात शंभराहून अधिक वर्षे रुजत आला आहे. त्याला मी आरोग्याची वकिली म्हणतो. तिच्या इतिहासातून एकच प्रश्न मला आपणापुढे ठेवायचा आहे: या वकिलाला शिक्षण कोणी दिले, पगार कोणी दिला, आणि वकीलपत्रावर सही कोणाची होती?

मी विद्वान नव्हे. माझे शिक्षण शाळेपुरते झाले; पुढचे युनियनच्या कचेरीत, कायद्याच्या पुस्तकांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून पदवीचे महत्त्व मी कमी लेखत असेन असे कोणी समजू नये. ज्याला ती मिळाली नाही त्यालाच तिची किंमत अधिक कळते.

आपल्या शेजारच्या कल्याणपासून आरंभ करू. तेथे ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांची कथा आपण शाळेत वाचलेली असते. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. पुढे १८८६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम. डी. ही पदवी मिळवली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. एवढे सर्वांना माहीत आहे. परंतु निघण्यापूर्वी १८८३ मध्ये बंगालात श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी एक जाहीर भाषण केले होते, तिकडे आपले लक्ष कमी जाते. मी अमेरिकेस का जाते, या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरची गरज का आहे, हे त्या तरुण मुलीने भर सभेत सांगितले. म्हणजे डॉक्टर होण्याआधीच त्या वकील झाल्या होत्या. आपले दुःख त्यांनी एकटीचे ठेवले नाही. ते सर्व स्त्रियांच्या वतीने मांडले आणि त्यासाठी लागणारी विद्या मागितली. आपल्या इतिहासातील आरोग्याच्या वकिलीचा हा पहिला ठळक दाखला मी मानतो.

दुसरा दाखला गिरणगावचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. बाळंतपणापूर्वी सहा आठवडे व नंतर सहा आठवडे स्त्री-कामगारास रजा व निर्वाहाची तजवीज असावी, असा करार तेथे झाला. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी साधारण पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. त्यांची स्थिती काय आहे ते पाहण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली, आणि त्यांचा अहवाल १९२२ मध्ये सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये प्रसिद्ध झाला. बाई चाळीतल्या खोल्यांतून हिंडल्या. शंभरातील ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. आई साच्यावर उभी आणि मूल घरी. ते रडू नये, निजून राहावे, म्हणून त्याला बाळगोळी. यात आईचा दुष्टपणा नव्हता. घरी राहिली तर मजुरी बुडे, आणि मजुरी बुडाली तर चूल पेटत नसे.

आता पाहा, अहवाल १९२२ चा आणि कायदा १९२९ चा. मधली सात वर्षे कशात गेली? १९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याचे विधेयक मांडले, ते नामंजूर झाले. पुढे १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप लढवला. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये कायदा झाला. या विषयावरचा हिंदुस्थानातला तो पहिला कायदा होय.

यात प्रत्येकाचा वाटा आहे. डॉ. बार्न्स नसत्या तर चाळीतली अफू चाळीतच राहिली असती; कोणी तिचा आकडा मांडला नसता. पण आकडा सात वर्षे छापील कागदावर पडून होता. जोशी, आंबेडकर यांच्यासारखी कायद्याची भाषा जाणणारी माणसे आणि रस्त्यावर उतरलेले कामगार, ही दोन्ही बळे एकत्र आली तेव्हा तो कायद्यात उतरला. कायद्यानंतरही लढाई संपली नाही. पुढच्या दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटतच गेले. कायदा पुस्तकात राहून चालत नाही, त्याच्यावर पहारा ठेवणारा माणूस कारखान्यात आणि रुग्णालयात लागतो.

असा माणूस शिकवून तयार करण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत नागपाड्यास झाला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ च्या सुमारास तेथे 'नागपाडा नेबरहूड हाउस' ही संस्था सुरू केली होती. भोवताली कामगारांची दाट वस्ती होती. पुढे सर दोराबजी टाटा यांच्या नावाने असलेल्या ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये त्याच जागी 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' ही शाळा निघाली. मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. पहिल्या वर्गात २० विद्यार्थी होते आणि शिक्षण दोन वर्षांचे होते. आशिया खंडात या प्रकारची ती अगदी आरंभीची शाळा. १९४४ मध्ये तिचे नाव 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' झाले, १९५४ मध्ये ती देवनारला स्थिरावली आणि १९६४ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आपल्याकडची मुले तिला 'टिस' म्हणतात.

नावातला 'ग्रॅज्युएट' हा शब्द महत्त्वाचा आहे. तोपर्यंत समाजसेवा म्हणजे दयाळू माणसाने फावल्या वेळात करायची गोष्ट, अशी समजूत होती. पदवी घेतलेल्या माणसाने त्यापुढे दोन वर्षे शिकून करावे असे हे काम आहे, त्याला शास्त्र आहे आणि म्हणून त्याला वेतन आहे, हे या शाळेने प्रथम ठामपणे मांडले. वर्गातल्या व्याख्यानांबरोबर आठवड्यातले काही दिवस वस्तीत, रुग्णालयात, कचेरीत प्रत्यक्ष काम करायचे, ही तिची शिस्त. आमच्या धंद्यात सांगायचे तर, नुसते यंत्राचे चित्र दाखवून फिटर तयार होत नाही, त्याला यंत्राशी उभे करावे लागते, तसलाच हा प्रकार. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविकेची पहिली नेमणूक झाली. त्या दशकाच्या अखेरीस संस्थेत या विषयाचे स्वतंत्र शिक्षणही सुरू झाले. १९५५ मध्ये निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय निघाले आणि मुंबईत अशी दोन विद्यापीठे झाली म्हणाना.

या नेमणुकीचा उगम जरा दूरचा आहे, पण तो सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. १८९५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात मेरी स्टुअर्ट नावाच्या बाईंना नेमले गेले. त्यांचे मुख्य काम काय होते? फुकट औषध घ्यायला येणाऱ्यांपैकी कोणाची ऐपत आहे आणि कोणाची नाही हे दारापाशी बसून निवडणे! पुढे १९०५ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. रिचर्ड कॅबट यांनी समाजसेविका नेमली ती निराळ्या कारणासाठी. औषध देऊन घरी पाठवलेला रोगी पुन्हा तेच दुखणे घेऊन का येतो, त्याच्या घरात, कामात, जेवणात काय आहे, हे डॉक्टरांना कळावे म्हणून. एक खुर्ची दरवानाची आणि एक वकिलाची. गंमत अशी की व्यवसाय वाढला तशा या दोन्ही खुर्च्या एकच झाल्या. त्याच टेबलाशी बसलेली तीच व्यक्ती सकाळी रुग्णालयाची तिजोरी राखते आणि दुपारी रुग्णाची बाजू मांडते. ही ओढाताण त्या व्यवसायाच्या जन्मापासूनची आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी कामगारांच्या जगातही हीच ओढाताण उभी राहिली. भोर समितीने १९४६ च्या अहवालात सांगितले की, पैसे नाहीत म्हणून या देशात कोणीही उपचाराविना राहता कामा नये. १९४४ मधील अदारकरांच्या अहवालावरून १९४८ मध्ये कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि १९५४ मध्ये ती योजना मुंबईस आली. १९४८ च्याच कारखाना कायद्याने ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे मालकावर बंधनकारक केले. टाटा संस्थेतून आणि १९४७ मध्ये निघालेल्या बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूटमधून शिकलेले कितीतरी तरुण या जागांवर गेले. शिक्षण उत्तम, हेतू चांगला. पण पगारपत्रकावर सही मालकाची. कामगाराच्या खोकल्याची नोंद करायची की खात्यातल्या धुळीची, हे ठरवताना ती सही आठवत असे. त्यांतल्या काहींनी जिद्दीने कामगाराची बाजू घेतली, हे मी नाकारत नाही. पण ज्याच्या विरुद्ध दावा, त्यानेच वकील द्यायचा, ही रचनाच लंगडी होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेत ही संख्या ५०० वरून २५० वर आणली आहे. आपल्या वसई पूर्वेच्या गाळ्यांत दहा-वीस माणसे काम करतात. तेथे पूर्वीही असा अधिकारी नव्हता आणि आताही येणार नाही.

खोकल्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. कापसाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, त्या रोगास बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळून येते, ही त्याची पहिली खूण. वर्षानुवर्षे कार्डिंग खात्यात काम केलेल्या माणसाचा श्वास पुढे कायमचा तोकडा होतो. हा रोग कामामुळे होतो आणि त्याची भरपाई मिळाली पाहिजे, हे कायद्याच्या परिशिष्टात नोंदलेले होते. तरी भरपाई मागणारे कोणी नव्हते, कारण डॉक्टर केस पेपरवर 'दमा' किंवा 'बिडी ओढतो' असे लिहीत आणि कामगार तो कागद घडी करून खिशात ठेवी. मुंबईत 'ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर' या नावाने कामगार, कार्यकर्ते व डॉक्टर एकत्र आले आणि त्यांनी हे काम हाती घेतले. श्वास मोजायचे यंत्र, नोकरीचा तपशील, किती वर्षे कोणत्या खात्यात काम केले याचा पुरावा, हे सर्व जुळवून त्यांनी माणसे वैद्यकीय मंडळापुढे उभी केली आणि गिरणी कामगारांना बिसिनोसिसची भरपाई मिळवून दिली. येथे डॉक्टर होता, पण वकीलपत्र कामगाराच्या सहीचे होते. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावची कितीतरी कुटुंबे नालासोपारा-विरारला येऊन राहिली. त्यांतली ही तोकड्या श्वासाची माणसे आपल्यापैकी अनेकांच्या शेजारी राहिली आहेत.

माझ्या कामातला एक लहानसा प्रसंग येथे सांगतो. आमच्या भागातल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली एका तरुणाची दोन बोटे गेली. ठेकेदाराच्या माणसाने त्याला रुग्णालयात नेले आणि परस्पर सांगितले, की घरी पडून लागले. केस पेपरवर तेच उतरले. त्या ओळीने भरपाईचा मार्ग बंद झाला असता. तेथे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली एक तरुण मुलगी नोकरीस होती. तिने कागद वाचला, जखम पाहिली, ठेकेदाराच्या माणसाला बाहेर बसवले आणि त्या तरुणाला विचारले, "तू सांग, काय झाले?" मग डॉक्टरांना विनंती करून त्याचे सांगणे त्याच्या शब्दांत नोंदवून घेतले. पुढे भरपाईची लढाई आम्ही लढलो. पण त्या एका ओळीवाचून आम्ही काय लढणार होतो? युनियनला मोर्चा काढता येतो. केस पेपरवरची ओळ वेळेवर वाचायला शिकलेला माणूसच तेथे असावा लागतो.

मुंबईबाहेर पाहिले तर महाराष्ट्राच्या खेड्यांत या विद्येचा उपयोग आणखी एका रीतीने झाला. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन १९७० मध्ये जामखेडला आले. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. त्यांनी गावातल्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळशा दलित बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अभय व राणी बंग यांनीही १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधूनच तीच पदवी घेतली आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली.

बंगांच्या कामातल्या दोन गोष्टी आम्हा युनियनवाल्यांनी पाठ कराव्यात अशा आहेत. पहिली अमेरिकेस जाण्यापूर्वीची. पागे समितीने मजुराची किमान मजुरी दिवसाला ४ रुपये सुचवली होती. अभय बंग यांनी मजुराला कष्टासाठी किती अन्न लागते, घरातल्या मुलाबाळांचे पोट कसे चालते, हा हिशेब नव्याने मांडला आणि तो १२ रुपयांवर नेला. पुढे सरकारला मजुरी वाढवावी लागली. डॉक्टराने केलेली ही पगारवाढीची मागणीच होय. दुसरी गोष्ट १९८९ ची. गडचिरोलीतल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी राणी बंग व सहकाऱ्यांनी केली. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या शेकडा ८ देखील जेमतेम होत्या. 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि स्त्रीचे दुखणे म्हणजे केवळ बाळंतपण, ही सरकारदरबारची समजूत हलली. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी दाखवले, की गावातल्या शिकवून तयार केलेल्या बायांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतल्याने त्या बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. बाल्टिमोरची विद्या गडचिरोलीच्या खेड्यातल्या बाईच्या हाती गेली. त्या पदवीचे खरे चीज मला येथे झालेले दिसते.

आता आपल्या घरी येऊ. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यापूर्वी आपण सर्व ठाणे जिल्ह्यात होतो. त्याच जिल्ह्यात जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली सारा महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर मुले कुपोषणाने जात होती आणि मुंबईस ते वर्तमानपत्रांतून कळले. तिथल्या आदिवासींचे दुःख कमी नव्हते, ते सांगणारा मधला दुवा कमी होता. पुढे 'सेहत' या १९९४ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन संस्थेच्या माणसांनी डहाणू भागात कष्टकरी संघटनेबरोबर 'आरोग्य साथी' तयार करण्याचे काम केले. आणि २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकांची देखरेख ठेवण्याचा उपक्रम पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत आपला जुना ठाणे जिल्हा होता.

या उपक्रमाची रीत सोपी आहे. गावची समिती आरोग्य केंद्रातल्या सेवांचे प्रगतिपुस्तक भरते. चांगल्याला हिरवा रंग, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाई भरते. डॉक्टर, अधिकारी आणि गावकरी समोरासमोर बसतात, आणि औषध बाहेरून आणायला का लावले, नर्सबाई उपकेंद्रावर का नव्हत्या, असे प्रश्न गावकरी स्वतः विचारतात. शिकलेले कार्यकर्ते तेथे असतात, तक्ते तयार करतात, नियम समजावतात. बोलते मात्र गाव. आनंदीबाईंच्या श्रीरामपूरच्या सभेपासून निघालेली वाट जव्हार-डहाणूच्या या सुनवाईपर्यंत येते असे मला वाटते.

शहरातली लढाई निराळी आहे. धर्मादाय रुग्णालयांना सरकारकडून जमीन व सवलती मिळतात. त्याच्या बदल्यात शेकडा १० खाटा निर्धनांस मोफत आणि १० दुर्बलांस सवलतीच्या दरात द्याव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आखून दिली. बिलांच्या रकमेतून २ टक्के निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायचे असेही ठरले. आता निर्धन कोण, हे कागदपत्रे पाहून कोण तपासतो? रुग्णालयाने पगारावर नेमलेला वैद्यकीय समाजसेवक! मेरी स्टुअर्टबाईंची खुर्ची सव्वाशे वर्षांनी आपल्या दाराशी आली ती अशी. १४ जानेवारी २०२१ च्या नियमांनी खाजगी रुग्णालयांवर रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावण्याचे बंधन आले. जन आरोग्य अभियानाच्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. पण भिंतीवरचा फलक घाबरलेल्या नातेवाइकाला वाचता येत नाही. त्याच वर्षी २३ एप्रिलच्या पहाटे आपल्या विरारमध्ये एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून १३ रुग्ण दगावले. बाहेर उभ्या असलेल्या माणसांना कोणाला काय विचारावे हेही उमगत नव्हते. अशा वेळी लागणारा माणूस आदल्या वर्षी शिकलेला असावा लागतो.

तेव्हा आपल्या वर्तक महाविद्यालयातून किंवा गोन्सालो गार्सिया महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या मुलामुलींना मी सांगतो, की हा एक खरा व्यवसाय आहे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली तर सरकारी रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' हे पद आहे; महापालिका आणि धर्मादाय रुग्णालयांत जागा आहेत. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९७ मध्ये आणि टाटा संस्थेत २००६ मध्ये सुरू झाली. डॉक्टर नसलेल्यालाही ती घेता येते. पुढे संशोधन संस्था आहेत, कामगार संघटना आहेत, न्यायालयीन लढे आहेत. अर्थशास्त्राच्या, कायद्याच्या, मराठीच्या पदवीधरालाही येथे वाव आहे, कारण रुग्णाचे म्हणणे नीट ऐकून नीट लिहिणे हे या धंद्याचे पहिले कसब आहे.

आईबाप विचारतील, पोट भरेल का? प्रश्न रास्त आहे आणि युनियनचा माणूस त्याला बगल देणार नाही. या क्षेत्रातल्या कितीतरी नेमणुका अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होतात. घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना सरकार स्वयंसेविका म्हणते आणि पगाराऐवजी मोबदला देते; २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांना राज्यभर संप करावा लागला. दुसऱ्याच्या हक्कासाठी बोलणाऱ्याला स्वतःची नोकरी पुढच्या महिन्यात असेल की नाही हे ठाऊक नसेल, तर त्याचा आवाज आपोआप खाली येतो. म्हणून या मंडळींची कायम नेमणूक हा केवळ त्यांच्या पोटाचा प्रश्न नाही. तो खाटेवर पडलेल्या रुग्णाचाही प्रश्न आहे.

आणि येथेच आपल्या गावाचे कर्तव्य येते. वसईत पतपेढ्या आहेत, सहकारी बँका आहेत, धर्मसंस्था आहेत, आमच्यासारख्या संघटना आहेत. आपण लग्नाला, घराला, रिक्षाला कर्ज देतो. दरवर्षी तालुक्यातल्या दोन पदवीधरांना, त्यांत एक पूर्वपट्टीच्या आदिवासी पाड्यातला असावा, या शिक्षणासाठी पाठवणे आपल्याला जड नाही. अट एकच: शिक्षण झाल्यावर तीन वर्षे त्यांनी याच तालुक्यात बसावे. त्यांचा पगार आपण सर्वांनी मिळून वर्गणीतून द्यावा, म्हणजे तो कोणत्याही एका रुग्णालयाच्या किंवा मालकाच्या हातात राहणार नाही. स्टेशनजवळ एक खोली, एक टेबल, केस पेपर वाचणारा एक माणूस आणि त्याच्यावर देखरेख करणारी रुग्णांची व कामगारांची समिती, एवढ्याने आरंभ होईल.

१९२२ चा अहवाल सात वर्षे पडून राहिला, कारण तो लिहिणारी बाई आणि ज्यांच्याविषयी तो लिहिला त्या बाया यांच्यात कोणताच बांधलेला संबंध नव्हता. तो संबंध बांधून घेणे आज आपल्या हाती आहे. शिकायला मुले तयार आहेत. त्यांच्या वकीलपत्रावर सही करायला आपण तयार आहोत का, एवढेच आता ठरायचे आहे.